भूमिकानिर्वाही खेळांतील लपणे आणि दिसणे : नियमव्यवस्थेचे विवेचन

(डबा ऐसपैस, गाविलगड आणि महाविद्यालयीन वर्ग यांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकानिर्वाही खेळांत पात्राने लपणे आणि दुसऱ्या पात्राला ते दिसणे यांविषयीचे नियम सर्वांत वादग्रस्त ठरतात. या खेळांत प्रत्यक्ष डोळ्यांना काहीच दिसत नसते. जे दिसते ते सूत्रधाराच्या कथनातून दिसते. त्यामुळे 'कोणाला काय दिसले' हा प्रश्न 'कोणाला काय सांगावे' असे रूप घेतो. प्रस्तुत लेखात या नियमांची ऐतिहासिक वाटचाल, त्यांमागील संभाव्यतेचे गणित आणि सूत्रधाराने पाळावयाची पथ्ये यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी वऱ्हाडासह महाराष्ट्रभर परिचित असलेले लपण्याचे खेळ आणि अमरावती जिल्ह्यातील गाविलगडाचा १८०३ मधील वेढा यांचा आधार घेतला असून, वर्गातील उपयोजनाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : भूमिकानिर्वाही खेळ, सूत्रधार, लपणे, निरीक्षण, संभाव्यता, लपंडाव, अनुभवाधारित अध्यापन.

१. प्रस्तावना

बुद्धिबळाच्या पटावर काहीच लपलेले नसते. दोन्ही खेळाडूंना सर्व मोहरे सदैव दिसत असतात. पत्त्यांच्या डावात प्रत्येकाची पाने इतरांपासून झाकलेली असतात. लपंडावात तर स्वतः खेळाडूच झाकलेला असतो. माहितीची ही झाकपाक हा खेळांच्या वर्गीकरणाचा एक महत्त्वाचा निकष आहे.

भूमिकानिर्वाही खेळ या वर्गीकरणात वेगळे पडतात. चार-सहा जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो व उरलेले एकेका पात्राची भूमिका स्वीकारतात. सूत्रधार प्रसंग वर्णन करतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निर्णय फाशाने होतो. पट असलाच तर तो केवळ सोयीपुरता असतो. खेळाचे जग बोलण्यातून उभे राहते.

अशा जगात एखादे पात्र अंधारात दडले, तर ते पहारेकऱ्याला दिसले किंवा नाही हे कोण ठरवणार? सूत्रधाराला तर सर्वच ठाऊक असते. पहारेकऱ्याची भूमिकाही तोच करतो आणि निवाडाही तोच देतो. एकाच व्यक्तीकडे पक्षकार व न्यायाधीश या दोन्ही जबाबदाऱ्या आल्यावर खेळाडूंचा विश्वास टिकवणारी नियमव्यवस्था अपरिहार्य ठरते. लपण्याच्या नियमांमागील खरा प्रश्न हा न्याय्यतेचा आहे.

२. देशी खेळांतील पूर्वपीठिका

हा प्रश्न मराठी मुलांना नवा नाही. डबा ऐसपैस या खेळात एक भिडू दूर फेकलेला डबा परत आणून रिंगणात ठेवतो. तोवर इतर भिडू लपतात. ज्याच्यावर राज्य आहे त्याला लपलेला भिडू दिसला, की त्याने त्याचे नाव पुकारून डब्याला स्पर्श करावयाचा असतो. तत्पूर्वी लपलेल्यांपैकी कोणी धावत येऊन डबा उडवला, तर राज्य पुन्हा त्याच्यावरच येते. साध्या लपाछपीत हेच काम पाठीवर बसणारा 'धप्पा' करतो.

या नियमांत तीन तत्त्वे दडलेली आहेत. पहिले असे की, 'मला दिसला' एवढे म्हणणे पुरेसे नाही. पाहिल्याची खूण उघडपणे, सर्वांसमक्ष पटवावी लागते. दुसरे असे की, दिसणे आणि ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच मुले एकमेकांचे सदरे बदलून घालतात आणि झुडपाआडून मुद्दाम बाही दाखवतात. राज्य असलेल्याने चुकीचे नाव घेतले, तर बऱ्याच ठिकाणी त्याचा डाव फुकट जाऊन राज्य पुन्हा त्याच्याच वाट्याला येते. अर्थात चुकीच्या ओळखीलाही किंमत मोजावी लागते. तिसरे असे की, लपलेल्याला केवळ टिकून राहायचे नसते. त्याला बाहेर पडून काही साधायचे असते आणि बाहेर पडण्याच्या क्षणीच तो उघडा पडतो. आंधळी कोशिंबीर या खेळात डोळेच बांधलेले असल्यामुळे निरीक्षणाचे काम कान आणि हात यांच्याकडे जाते. निरीक्षण म्हणजे केवळ दृष्टी नव्हे, हे चौथे तत्त्व त्यातून मिळते.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी देशी मैदानी खेळांना लेखी नियम, मैदानाची मापे व पंच मिळवून दिले. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. हुतुतू आणि खो-खो या खेळांचा असा विकास झाला, मात्र लपंडाव गल्लीतच राहिला. त्याचे कारण त्याच्या स्वरूपात आहे. कबड्डीत पंचाला सर्व काही दिसावे लागते आणि ते दिसूही शकते. लपण्याच्या खेळात मात्र सर्व काही पाहू शकणारा पंच उभा केला, तर त्याच्या नजरेच्या दिशेवरूनच लपलेला भिडू सापडावयाचा. भूमिकानिर्वाही खेळांतील सूत्रधार हा नेमका असा, सर्व काही पाहणारा पंच आहे.

३. नियमांची ऐतिहासिक वाटचाल

सर्व काही पाहणाऱ्या पंचाची कल्पना प्रथम लष्करी शिक्षणात रुजली. प्रशियातील गेऑर्ग फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात पंच नकाशावर केवळ परस्परांच्या दृष्टिपथात आलेली दलेच मांडत असे. दृष्टीआड असलेले सैन्य पंचाच्या स्मरणात व टिपणात राही. १८७६ मध्ये युलिउस फॉन फेरडी द्यू व्हेर्न्वा याने किचकट तक्ते दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देणारी मुक्त पद्धत मांडली. फासा की पंचाचा विवेक, हा वाद तेव्हापासूनचा आहे. १८९९ मध्ये हेन्री मायकेल टेंपल याने इंग्लंडमध्ये हीच कल्पना बुद्धिबळात आणली. या प्रकारात प्रतिस्पर्ध्याचे मोहरे दिसत नाहीत आणि खेळी शक्य आहे किंवा नाही एवढेच पंच सांगतो.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात लपण्याचा स्वतंत्र नियम नव्हता. अचानक गाठ पडणे, दाराआडचा आवाज ऐकणे व गुप्त दार सापडणे यांचा निर्णय सहा बाजूंच्या साध्या फाशाने होई. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हे पात्र आले आणि सावलीत लपणे व निःशब्द चालणे ही त्याची शेकडेवारीत मोजलेली कौशल्ये झाली. त्यातून एक अनपेक्षित अडचण उद्भवली. चोराकडे लपण्याचे कौशल्य आहे असे लिहिताच, इतरांना लपताच येत नाही असा अर्थ काढला जाऊ लागला. एखादी क्षमता नियमात लिहिल्यामुळे ती इतरांकडून हिरावली जाते, हा नियमशास्त्रातील लक्षणीय धडा आहे.

२००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत लपणे, निःशब्द चालणे, पाहणे व ऐकणे ही चार कौशल्ये सर्व पात्रांना खुली झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ती दोनच उरली : एक दडून वावरण्याचे आणि दुसरे निरीक्षणाचे. याच आवृत्तीत 'निष्क्रिय निरीक्षणांक' रूढ झाला. पात्र मुद्दाम शोध घेत नसतानाही त्याची नजर सहज जेवढे टिपेल, त्याचा हा स्थिर अंक होय. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तो कायम ठेवला. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार लपण्यासाठी पुरेसा आडोसा अथवा दाट अंधार असावा लागतो, शत्रूच्या दृष्टिरेषेबाहेर असावे लागते आणि फासा व कौशल्य यांची बेरीज किमान १५ व्हावी लागते. तीच बेरीज पुढे शोधणाऱ्यासमोरचे आव्हान ठरते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज झाला, हल्ला केला किंवा शोधणाऱ्याने गाठले, की लपणे संपते.

'पाथफाइंडर' या खेळाच्या २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीने यापुढचे पाऊल टाकले. तिच्यात चार अवस्था आहेत : समोर स्पष्ट दिसणारा, कोठे आहे ते ठाऊक असूनही न दिसणारा, जवळपास आहे पण कोठे ते ठाऊक नसलेला, आणि ज्याच्या अस्तित्वाचीच कल्पना नाही असा. दिसला अथवा दिसला नाही या दुभागणीऐवजी ही श्रेणी अनुभवाच्या अधिक जवळ जाते.

४. संभाव्यतेचे गणित

नियम शब्दांत सारखे वाटले तरी फाशावर त्यांचे परिणाम फार वेगळे होतात. पुढील उदाहरणात वीस बाजूंचा फासा गृहीत धरला आहे. लपणाऱ्या पात्राचे कौशल्य ५ आणि पहारेकऱ्याचा निष्क्रिय निरीक्षणांक १२ आहे. बेरीज १२ किंवा अधिक झाल्यास पात्र लपलेले राहते. म्हणजे फाशावर ७ ते २० यांपैकी काहीही पडले तरी चालते. वीसपैकी चौदा शक्यता अनुकूल असल्याने यशाची संभाव्यता ७० टक्के आहे.

आता सूत्रधाराने अंगण ओलांडताना एकदा, जिन्यावर एकदा आणि दारापाशी एकदा असा तीन वेळा फासा टाकावयास सांगितला, तर तिन्ही वेळा यश मिळण्याची संभाव्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के उरते. नियम बदललेला नाही व कौशल्यही तेच आहे. केवळ पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे यश निम्म्याहूनही खाली आले. नवख्या सूत्रधाराच्या हातून सर्वाधिक घडणारा अन्याय हाच होय आणि तो घडत असल्याचे त्याच्या स्वतःच्या बहुधा ध्यानातही येत नाही.

हाच प्रकार संख्येच्या बाबतीत घडतो. अशी चार पात्रे एकत्र निघाली आणि एकही दिसता कामा नये असा नियम लावला, तर यशाची संभाव्यता जेमतेम २४ टक्के राहते. त्याऐवजी चारांपैकी निदान दोघे यशस्वी झाल्यास सर्व जण निभावले असे मानले, तर ती सुमारे ९२ टक्के होते. दुसऱ्या नियमाचे समर्थन असे की, जाणता भिडू अजाणत्याला सावरून घेतो.

निष्क्रिय अंकाऐवजी पहारेकऱ्यानेही फासा टाकला तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पहारेकऱ्याचे कौशल्य २ धरले आणि बरोबरी झाल्यास लपणाऱ्याला झुकते माप दिले, तर एका पहारेकऱ्याविरुद्ध ६६ टक्के यश मिळते. तीन पहारेकऱ्यांनी स्वतंत्रपणे फासे टाकल्यास ते सुमारे ४३ टक्क्यांवर येते. निष्क्रिय अंक वापरल्यास एकाच्या जागी सारख्याच तीन पहारेकऱ्यांमुळे काहीच फरक पडत नाही. पहिली पद्धत गर्दीला अवाजवी महत्त्व देते, तर दुसरी तिची दखलच घेत नाही. सूत्रधाराने कोणती पद्धत निवडली हे खेळाडूंना आधी सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

५. गाविलगड : अवधानाचा अभ्यास

फाशाच्या गणितात एक गोष्ट सहसा येत नाही. ती म्हणजे अवधानाची दिशा. ती समजून घेण्यास वऱ्हाडच्या इतिहासातील एक प्रसंग उपयुक्त आहे. अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यावर आर्थर वेलस्ली याने चिखलदऱ्यानजीकच्या गाविलगडाकडे मोर्चा वळवला. सातपुड्यातील या दुर्गाचे बाहेरचा किल्ला व आतला किल्ला असे दोन भाग आहेत. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून अवजड तोफा ओढून नेऊन उत्तरेकडून मारा केला, तर दक्षिणेकडून वेलस्लीच्या फौजेने लक्ष वेधून ठेवले. १५ डिसेंबर रोजी बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून हल्लेखोर आत आले, पण आतल्या किल्ल्याच्या दरवाजापुढे ते अडले. त्या वेळी कॅप्टन कॅम्पबेल याने ९४ व्या पलटणीच्या निवडक सैनिकांसह दरीच्या अंगाने तटाला शिड्या लावल्या आणि आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला.

ही हालचाल गुपचूप नव्हती. दिवसाउजेडी, तोफांच्या कल्लोळात ती घडली. ती साधली याचे कारण रक्षकांची दृष्टी क्षीण होती असे नसून त्यांचे लक्ष अन्यत्र गुंतले होते असे आहे. खेळाच्या भाषेत सांगावयाचे तर कॅम्पबेलच्या सैनिकांचे लपण्याचे कौशल्य शून्य धरले तरी चालेल. रक्षकांच्या निरीक्षणांकात मात्र मोठी वजाबाकी करावी लागेल. २०१४ च्या नियमांत प्रतिकूल परिस्थितीत निष्क्रिय निरीक्षणांकातून ५ वजा करण्याची तरतूद आहे, ती अशाच वेळी उपयोगी पडते. खेळाडूंनी गोंधळ माजवण्याची युक्ती सुचवली, तर सूत्रधाराने तिचे फळ अंकांत दिले पाहिजे. अन्यथा युक्ती सुचवणे आणि न सुचवणे सारखेच ठरते.

परिस्थितीचा दुसरा धडा त्याच डोंगररांगेतील मेळघाट देतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यालगतच्या मचाणांवर बसून वन्यप्राण्यांची गणना केली जाते. तेथे निरीक्षकालाच लपावे लागते. माणसाला चांदण्याची गरज असते, तर जनावराला वाऱ्यावरून येणारा वास पुरतो. मचाणावरचा माणूस दिसत नसला तरी तो जनावराला जाणवू शकतो. म्हणून 'लपलो' असे खेळाडूने म्हणताच सूत्रधाराने 'कोणाच्या कोणत्या इंद्रियापासून?' हा प्रश्न मनाशी विचारला पाहिजे.

६. सूत्रधाराची पथ्ये

निरीक्षकाच्या निर्णयाच्या चार शक्यता असतात : वस्तू आहे आणि दिसली, आहे पण दिसली नाही, नाही तरी दिसल्याचा भास झाला, आणि नाही व दिसलीही नाही. रडारवरील खुणा ओळखण्याच्या समस्येतून विकसित झालेल्या संकेतशोधन सिद्धांतात या चारही शक्यतांचा हिशेब होतो. भूमिकानिर्वाही खेळांचे नियम मात्र बहुधा पहिल्या दोहोंवरच थांबतात. डबा ऐसपैस खेळणारी मुले चुकीचे नाव घेणाऱ्याला शिक्षा करून तिसरी शक्यता नियमात आणतात. या बाबतीत गल्लीतला खेळ छापील नियमांच्या पुढे आहे.

या त्रुटीचा व्यावहारिक परिणाम असा : सूत्रधार म्हणतो, 'निरीक्षणाचा फासा टाका.' खेळाडूला ३ पडतात. सूत्रधार म्हणतो, 'काही दिसत नाही.' आता पात्राला काही दिसलेले नाही, परंतु खेळाडूला येथे काहीतरी आहे हे कळून चुकले. यावर तीन उपाय आहेत. पहिला, सूत्रधाराने फासा पडद्याआड स्वतः टाकणे. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या नियमांत अशा गुप्त चाचण्यांची तरतूद आहे. दुसरा, निष्क्रिय अंक वापरून फासा टाळणे. तिसरा, काही नसतानाही अधूनमधून फासा टाकावयास लावणे. पहिल्या उपायात सूत्रधारावरील विश्वास पणाला लागतो, दुसऱ्यात अनिश्चितता हरवते आणि तिसऱ्यात वेळ जातो. तिन्हींचा मेळ प्रसंगानुसार घालावा लागतो.

जी माहिती मिळाल्याशिवाय कथा पुढेच सरकणार नाही, ती फाशावर सोपवू नये, हे आणखी एक पथ्य होय. रॉबिन लॉज यांनी रचलेल्या आणि २००७ पासून प्रचारात आलेल्या 'गमशू' या नियमपद्धतीत योग्य ठिकाणी योग्य कौशल्य वापरले की तपासाचा धागा हमखास मिळतो. तो धागा मिळाला की नाही यापेक्षा त्याचा अर्थ कसा लावला, याला तेथे महत्त्व आहे. जॉन हार्पर यांच्या २०१७ मधील 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात संशयाचे वर्तुळ काढून त्याचे भाग एकेक भरत नेण्याची सोय आहे. एका चुकीने सर्व काही उघडे पडत नाही. संशय पायरीपायरीने वाढतो व तो सर्वांना दिसत राहतो.

७. वर्गातील उपयोजन

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अनुभवाधारित अध्ययनावर भर दिलेला आहे. इतिहास, भाषा, समाजशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांच्या वर्गांत भूमिकानिर्वाही खेळ अल्प साधनांत घेता येतो. वीस बाजूंचा फासा नसल्यास १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवाव्यात. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकावी, अन्यथा वरील गणित बदलते. गाविलगडाच्या वेढ्यात किल्ल्याबाहेर निरोप पोहोचवणाऱ्या चार काल्पनिक हेरांचा प्रसंग घेतल्यास इतिहासाच्या विद्यार्थ्यांना भूगोलाचे आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संभाव्यतेचे महत्त्व एकाच तासात प्रत्ययास येईल.

तथापि येथे नियमांचा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. दिसण्या-न दिसण्याचा निर्णय पूर्णतः संभाषणावर सोपवला, तर प्रमाण मराठी सफाईने बोलणारा विद्यार्थी प्रत्येक वेळी बाजी मारतो. घरी वऱ्हाडी बोलणारा लाजरा विद्यार्थी किंवा मेळघाटातून आलेली कोरकू भाषक विद्यार्थिनी मागे पडते. प्रत्यक्ष जंगलातील खूण ओळखण्यात तीच कदाचित सर्वांच्या पुढे असेल. फासा वक्तृत्व पाहत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. उलटपक्षी, निर्णय पूर्णतः फाशावर सोपवला, तर ज्याने विचारपूर्वक 'वाऱ्याची दिशा कोणती?' असे विचारले, त्याच्या विचारालाच किंमत राहत नाही. म्हणून नेमका प्रश्न विचारणाऱ्यास बेरजेत २ किंवा ५ अंक वाढवून द्यावेत आणि तो प्रश्न कोणत्या बोलीत विचारला गेला याकडे लक्ष देऊ नये. मूल्यमापन करावयाचे झाल्यास ते फाशाच्या निकालाचे नव्हे, तर अशा प्रश्नांचे करावे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) लपणे व दिसणे यांचे नियम म्हणजे माहितीच्या वाटपाचे नियम होत. ते खेळापूर्वीच जाहीर असावेत.

(२) एका हेतूसाठी एकदाच फासा टाकावा. परिस्थितीत ठळक बदल झाल्याशिवाय तो पुन्हा टाकावयास सांगू नये.

(३) 'दिसला' आणि 'दिसला नाही' यांच्या मधल्या अवस्थांना, तसेच चुकीच्या ओळखीला नियमात स्थान असावे.

(४) निरीक्षणांक ठरवताना दृष्टीबरोबरच ध्वनी, गंध आणि विशेषतः अवधानाची दिशा विचारात घ्यावी.

(५) कथेला अत्यावश्यक असलेली माहिती फाशाच्या हवाली करू नये.

वर्गात अध्यापकाची स्थिती सूत्रधारासारखीच असते. उत्तर त्याला आधीच ठाऊक असते आणि ते विद्यार्थ्याला केव्हा, किती व कोणत्या अटीवर दिसू द्यावयाचे हे तोच ठरवतो. या अधिकाराला उघड आणि सर्वांना समान लागू होणाऱ्या नियमांची जोड मिळाली, तरच हरलेला विद्यार्थीही पुढच्या डावाला पुन्हा बसतो.